म्हातारीचा नवा डॅशबोर्ड

"दहाचा पाना!" डॅशबोर्डखालून हुकूम सुटला.

हुकूम मिस्त्रीकाकांचा होता. ते कमरेपर्यंत डॅशबोर्डखाली शिरले होते आणि बाहेर उरले होते फक्त दोन पाय. मोबाइल खांदा आणि कान यांच्यात दाबलेला होता. त्यामुळे अर्धं बोलणं मुलांशी आणि अर्धं फोनवरच्या माणसाशी चाललं होतं.

"दहाचा की बाराचा?" ताईने विचारलं.

"हो हो, दुपारी येतो तुमच्या बोटीकडे... बाराचा नाही गं, दहाचा!... अहो, तुम्हाला नाही म्हटलं साहेब!"

ताई, बाजा आणि गोम सुट्टीत मामाकडे आले होते. ताई तेरा वर्षांची. सगळ्यांत मोठी म्हणून मामासुद्धा तिला ताईच म्हणायचा. बाजा तिचा मावसभाऊ. खाण्याची आणि झोपेची वेळ सोडली तर त्याच्या तोंडात माउथ ऑर्गन असायचा, म्हणून तो बाजा. आणि गोम ही ताईची धाकटी बहीण. "यात काहीतरी गोम आहे!" असं ती दिवसातून दहादा म्हणायची. दहांतल्या नऊ वेळा तसं काहीही नसायचं.

"काका, हे घ्या," गोमने एक घडीचा कागद पुढे केला.

"हे काय?"

"मीटरच्या खोक्यात होतं. 'बसवण्यापूर्वी वाचा' असं वर लिहिलंय. मोठ्या अक्षरांत!"

"वीस वर्षं मीटर बसवतोय मी!" दोन पाय म्हणाले. "कागद वाचत बसलो तर दिवसाला एक बोट व्हायची नाही." एक हात बाहेर आला, त्याने कागद घेतला, त्याला बोटांचं ग्रीस पुसलं आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. गोमने तो लगेच उचलून खिशात घातला. छापलेलं काहीही फेकायचं नाही, हा तिचा नियम होता.

ज्या बोटीत हे सगळं चाललं होतं ती मामाची मोटरबोट. आजोबांनी घेतलेली, तीस वर्षांची. घरात सगळे तिला म्हातारी म्हणायचे. जलाशयाच्या या काठाला शहर आणि मोठं रुग्णालय. पलीकडच्या काठाला चार वस्त्या आणि एक छोटा दवाखाना. मामी तिथे नर्स होती. रस्त्याने वळसा घालून यायचं तर दीड तास लागायचा. म्हणून पलीकडे कुणाची तब्येत बिघडली की म्हातारी धावायची. धक्क्यावरच्या कार्यालयाने तिला तशी पाटीच दिली होती: 'आपत्कालीन बोट'. दर वर्षी तपासनीस घड्याळ घेऊन बोटीत बसायचे. वीस मिनिटांच्या आत पलीकडे पोहोचली तर पाटी राहणार, नाही तर जाणार. म्हातारीला सतरा-अठरा मिनिटं पुरायची.

यंदा मात्र तपासनीसांनी चाचणीच्या आधीच डॅशबोर्ड पाहून मान हलवली होती. जुन्या मीटरच्या काचांना आतून वाफ धरली होती. पेट्रोलचा काटा कायमचा अर्ध्यावर मुक्कामाला होता आणि ऑइलचा काटा अंगात आल्यासारखा नाचायचा. "आधी सगळे मीटर बदला, मग चाचणी," असं त्यांनी बजावलं होतं.

जुने मीटर काढण्याआधी ताईने प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं होतं: पेट्रोल, तापमान, ऑइल, बॅटरी, फेरे. मिस्त्रीकाका तिला हसले. पण वायरी जोडताना त्या पट्ट्याच बघत होते!

"झालं! मारा चावी!"

मामाने चावी फिरवली. म्हातारी खोकली आणि सुरू झाली. नव्या मीटरांचे काटे झर्रकन उठले. इंजिनाचे फेरे दाखवणारा मोठा मीटर मधोमध होता. तो बोट उभी असताना दहाच्या थोडा पुढे गेला, म्हणजे मिनिटाला हजार-साडेदहाशे फेरे.

"उभ्या बोटीला एवढे फेरे कशाला? पेट्रोल जाळायचंय का?" मिस्त्रीकाकांनी इंजिनाजवळचा एक स्क्रू पिळला. काटा सातवर आला. "आता बरोबर."

मग आजोबा काठी टेकत पुढे आले. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान कामातून गेले होते. आजींच्या नेलपॉलिशची बाटली उघडून त्यांनी फेऱ्यांच्या मीटरवर चोवीसच्या आकड्याशी एक लाल रेघ ओढली. जुन्या मीटरवरही ती होती.

"चोवीसशेच्या पुढे नाही!" आजोबांनी मामाला बजावलं. "इंजिन मी ह्याच एका नियमावर जगवलंय."

"नाही हो बाबा, कधी गेलोय का?" मामा म्हणाला. आणि ते खरं होतं. मामा एक वेळ जेवण विसरेल, पण लाल रेघ ओलांडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीला पलीकडे सोडायला सगळेच निघाले. मामाने थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पुढे केला. काटा बरोबर लाल रेघेवर थांबला. ऊन छान होतं, पाणी शांत होतं, पण बोट पुढे सरकता सरकेना. नाक वर करून ती नुसती पाणी ढकलत राहिली.

"लग्नाच्या वरातीत निघालोय का आपण?" मामीने घड्याळ बघत विचारलं.

"चोवीसवरच आहे गं," मामा गोंधळून म्हणाला.

बाजा मागच्या बाकावर माउथ ऑर्गन वाजवत होता. मध्येच थांबून त्याने तोंड वाकडं केलं. "जमत नाहीये!"

"ते आम्हाला केव्हाच कळलंय," ताई म्हणाली. गोम खो खो हसली.

पलीकडे पोहोचायला एकतीस मिनिटं लागली. त्यात भर म्हणजे, धक्क्याला लागताच इंजिन हिसका देऊन बंद पडलं. मामीची पहिली पेशंट ताटकळत उभी होती. परतीच्या वाटेवर तेच, आणि दुपारच्या फेरीतही तेच!

मामाने काय नाही केलं? पेट्रोलचा फिल्टर बदलला. बोट पाण्याबाहेर घेऊन तळ घासला. शेवटी मिस्त्रीकाका आले. त्यांनी सहाच्या सहा प्लग काढून पाहिले. गोम शेजारी बसून एकेक मोजत होती. प्लग छान होते.

"मीटरवर चोवीस दाखवतोय ना? म्हणजे इंजिन फिरतंय, पण त्याच्यात दम नाही," मिस्त्रीकाका म्हणाले. "शिवाय उभं राहिलं की बंद पडतंय. वय झालं हो! माणसाचं होतं, तसं इंजिनाचं."

संध्याकाळी जेवताना मामाने एकदम सांगून टाकलं. "शुक्रवारी चाचणी आहे. ती काही पास होत नाही. हॉटेलवाला मागे लागलाय, त्याला बोट देऊन टाकतो."

"हॉटेलवाल्याला बोट कशाला?" बाजाने विचारलं.

"बागेत ठेवणार. माती भरून फुलझाडं लावणार तिच्यात."

आजोबांना ते ऐकू गेलं नव्हतं. ते म्हणाले, "काय झालं? सगळे गप्प का?" मामीने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. आजोबांनी ताट पुढे सारलं आणि उठून गेले. मुलांना त्या रात्री घास गोड लागला नाही. पलीकडे कुणाला काही झालं तर आता दीड तासाचा वळसा, हेही सगळ्यांच्या मनात होतं.

सकाळी तिघं धक्क्याच्या पायरीवर बसली.

"यात काहीतरी गोम आहे!" गोम म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही.

"मीटर बदलले मंगळवारी. म्हातारी म्हातारी झाली बुधवारी," गोमने बोटांवर मोजलं. "एका रात्रीत कुणाचं वय होतं का?"

"पण मीटर फक्त दाखवतो. मीटरमुळे बोट हळू कशी जाईल?" ताई म्हणाली. "घड्याळ बिघडलं म्हणून दिवस लांबतो का?"

तर्क बिनतोड होता. तरी ताईने पोहण्याचे कपडे घातले आणि पाण्यात उतरून बोटीखालचा पंखा चाचपला. ना दोरी, ना शेवाळ. गोमने बोटीच्या तळातलं पाणी मोजलं. जेमतेम दोन तांबे. मग मामीला सोडायची वेळ झाली, तेव्हा तिघंही पुन्हा बोटीत बसली.

बाजा पुन्हा कुरकुरला. "जमत नाहीये म्हणजे नाहीये! गेल्या वर्षी मी इंजिनाबरोबर वाजवायचो. इंजिन एक सूर धरून ठेवायचं, आणि तो माझा 'प' असायचा. आता मी 'प' वाजवला की कानाला खटकतं."

"मग आता कुठला सूर आहे?" गोमने विचारलं.

बाजाने डोळे मिटले. इंजिन घुमत होतं. त्याने एक भोक फुंकलं, मग शेजारचं, मग त्याच्या अलीकडचं. आणि त्याचे डोळे खाड्कन उघडले. "सा! चक्क सा! इंजिन खाली घसरलंय!"

"तुझी आठवण चुकत असेल," ताई म्हणाली.

"आठवण कशाला? मामीच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे की!"

खरंच होता. मामीने गेल्या सुट्टीत काढलेला. बाजा डॅशबोर्डला टेकून वाजवतोय, मागे इंजिनाची घरघर, आणि बाजाच्या खांद्यामागे जुना फेऱ्यांचा मीटर. काटा चोवीसच्या लाल रेघेवर! दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून त्यांनी तो पाच वेळा ऐकला. बाजाने हलकेच 'प' फुंकला. व्हिडिओतल्या घरघरीत तो दुधात साखरेसारखा विरघळला.

"तेव्हाही चोवीस, आताही चोवीस. मग सूर वेगळा कसा?" गोमने विचारलं.

ताई ताडकन उभी राहिली. "थांबा, थांबा! विज्ञानाच्या बाईंनी तार ताणून दाखवलं होतं. 'सा'ची तार जेवढ्या वेळात दोनदा हलते, तेवढ्या वेळात 'प'ची तीनदा हलते. म्हणजे आत्ता इंजिन..." तिने मामीच्या टेबलावरचा कागद ओढला. "चोवीसशेचे तीन भाग, त्यांतले दोन. सोळाशे! काटा चोवीसशे म्हणतोय आणि इंजिन बिचारं सोळाशेनेच फिरतंय!"

"म्हणजे मीटर खोटं बोलतोय, आणि मामा त्याचं ऐकून थ्रॉटल मागे खेचतोय!" बाजा ओरडला.

"आणि मिस्त्रीकाकांनी उभ्या बोटीचे फेरे कमी केले, तेही त्याचंच ऐकून! म्हणून ती बंद पडते!"

"हळू! पेशंट आहेत!" आतून मामीचा आवाज आला.

गोम मात्र खिशातला ग्रीसने माखलेला कागद उलगडत होती. अर्धी अक्षरं बुडाली होती, अर्धी दिसत होती. तिने बोट ठेवून वाचलं: "'फेऱ्यांच्या मीटरच्या मागील बाजूस चार, सहा, आठ असे आकडे असलेला खटका आहे. इंजिनात जितके सिलिंडर, त्या आकड्यावर खटका ठेवावा. कारखान्यातून मीटर निघतो तेव्हा खटका चारवर असतो.'"

"आपल्या इंजिनात सिलिंडर किती?" बाजाने विचारलं.

"प्रत्येक सिलिंडरला एक प्लग," गोम म्हणाली. "आणि प्लग मी मोजलेत. सहा!"

सहाला चारने भागलं तर दीड. सोळाशेची दीडपट चोवीसशे. ताईने कागदावर दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच आलं.

आता मोठ्यांना पटवायचं होतं, आणि ते गणितापेक्षा अवघड निघालं. मामाने सगळं ऐकून घेतलं, पण नव्याकोऱ्या मीटरला हात लावायला साफ नकार दिला. "उद्या चाचणी, आणि तुम्ही आज डॅशबोर्ड खोलणार? आहे तेही बंद पडेल!" आजोबा म्हणाले, "काटा खोटं बोलत नसतो." मिस्त्रीकाका धक्क्यावर दुसऱ्या बोटीत काम करत होते. ते तर पोट धरून हसले. "इंजिन सा-रे-ग-म शिकतंय म्हणे! ऐका!"

"ह्यांना सांगून उपयोग नाही," ताई कुजबुजली. "ह्यांना विचारायला हवं." तिने गोमला कोपराने ढोसलं.

गोम भोळा चेहरा करून मिस्त्रीकाकांपुढे उभी राहिली. "काका, एक शंका होती. पण जाऊ दे, तुम्हालाही माहीत नसेल."

"मला माहीत नसेल?" मिस्त्रीकाकांचं हसू थांबलं. "विचार, विचार!"

"फेऱ्यांच्या मीटरच्या मागे एक छोटा खटका असतो ना? आमच्या म्हातारीचा कितीवर आहे?"

"सहावर!" मिस्त्रीकाका क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "सहा सिलिंडरचं इंजिन, म्हणजे सहावर. एवढं साधं कळत नाही?"

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहायचं काय त्यात?"

"बाजा म्हणतो, तुम्हाला दाखवता यायचं नाही."

"मी असं कधी..." बाजाने तोंड उघडलं. ताईने त्याच्या पायावर पाय दिला.

"चला!" मिस्त्रीकाकांनी पाना उचलला. "आत्ताच्या आत्ता दाखवतो!"

मामा नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मागची पट्टी सोडवून मीटर बाहेर ओढलासुद्धा. तो उलटा करून त्यांनी ऐटीत गोमपुढे धरला. "हा बघ खटका, आणि हा बघ..."

मामा वाकला. आजोबा वाकले. खटका चारवर होता.

मिस्त्रीकाकांनी कान खाजवला. "मारा चपराक," ते हळूच म्हणाले. "चुकलं माझं. सगळ्या बोटी चार सिलिंडरच्याच येतात हो आताशा. खटक्याकडे बघायची सवयच गेली." एवढं बोलून त्यांचा चेहरा आणखी उतरला. "अरे देवा! परवा दुपारी ज्या साहेबांकडे गेलो, त्यांचं आठचं आहे!" आणि ते तिथेच फोन लावायला लागले.

"आधी आमचं!" मामा गरजला.

बारीक स्क्रू ड्रायव्हरने खटका सहावर गेला. मीटर जागेवर बसला. मामाने इंजिन सुरू केलं, तर काटा पाचच्याही खाली! मिस्त्रीकाकांनी आपणच पिळलेला स्क्रू उलटा फिरवून तो सातवर आणला. इंजिनाचं हिसके देणं थांबलं. मामाने धक्क्यापासून थोडं दूर जाऊन थ्रॉटल पुढे केला आणि काटा हळूहळू लाल रेघेला टेकला. म्हातारीने नाक खाली घेतलं आणि ती सुसाट सुटली!

"प!" बाजा ओरडला. "प! प! प!"

मामा वळून तिघांकडे बघत राहिला. "दोन दिवस मी हिला नावं ठेवतोय," तो म्हणाला. "बिचारीला मीच पाय धरून मागे ओढत होतो."

शुक्रवारी सकाळी नऊला तपासनीस आले. उंच, शिडशिडीत, हसू घरी ठेवून आलेले. "मुलं कशाला?" त्यांनी विचारलं.

"वजनासाठी," मामा म्हणाला. "पेशंट आणि नातेवाईक धरून तेवढंच होतं."

तपासनीसांनी घड्याळाचं बटण दाबलं. साडेसतरा मिनिटांनी पलीकडचा धक्का लागला. ते वहीत आकडा लिहीत होते, तेवढ्यात मामी दवाखान्याकडून धावत येताना दिसली. तिच्यामागे दोघांनी एका सुताराला धरून आणलं होतं. त्याच्या हाताला जाड पट्टी होती आणि पट्टी लाल होत चालली होती.

"करवतीने हात कापलाय, खोल आहे!" मामी म्हणाली. "रुग्णालयात कळवलंय. लवकर न्यायला हवं!"

तपासनीसांनी वही मिटली आणि पुढची जागा सोडली. सुताराला तिथे बसवून मामी शेजारी बसली. "हात वर धरा, खाली येऊ देऊ नका," ती म्हणाली. तो हात सबंध वाटभर तपासनीसांनीच वर धरला. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर डाग पडला, तरी त्यांनी हात हलू दिला नाही. ताई काट्याकडे बघत होती, बाजा इंजिन ऐकत होता आणि गोम सुताराला धीर देत होती. "काका, सतराच मिनिटं! त्यांतली पाच झालीसुद्धा!" मामाने लाल रेघ ओलांडली नाही. ओलांडायची गरजच नव्हती.

रुग्णवाहिका धक्क्यावर उभी होती. सुतार आणि मामी तिच्यातून गेले. तासाभराने मामीचा फोन आला: टाके पडले, बोटं वाचली. तेव्हा कुठे मामा खाली बसला. मग त्याने हॉटेलवाल्याला फोन केला आणि तीन शब्दांत बोलणं संपवलं. "बोट विकायची नाही!"

तपासनीस बोटीच्या टपावर कागद ठेवून लिहीत होते. "मीटर बसवल्यानंतरची तपासणी कोणी केली?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीकाकांनी खाली मान घातली. "सही माझी घ्या साहेब. पण तपासणी ह्या पोरांची आहे." आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली, स्वतःची चूक न लपवता.

तपासनीसांनी तिघांना समोर उभं केलं. ताईला गणित विचारलं, बाजाला दोन्ही सूर वाजवायला लावले, गोमचा कागद पुढून-मागून पाहिला. "ह्या रकान्यात अठरा वर्षांखालच्या कुणाचं नाव लिहिता येत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. गोमचा चेहरा पडला. "पण शेऱ्याचा रकाना मोकळा आहे." त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली, आणि तो कागद मामाला न देता आजोबांच्या हातात दिला.

आजोबांनी चष्मा लावला आणि शेरा वाचला. "'फेऱ्यांच्या मीटरमधली चूक मोठ्यांच्या लक्षात आली नाही, ती तीन मुलांनी शोधली. बोट उत्तम, मुलं त्याहून उत्तम.'" ज्याला ऐकू कमी येतं त्याला आपण किती मोठ्याने वाचतोय ते कळत नाही. त्यामुळे तो शेरा सगळ्या धक्क्याने ऐकला.